चार पाय थंड

१२ ऑगस्ट, सकाळी ११

आजपासून बाईसाहेब माझ्याकडे. तिची देखभाल करणारा मोतद्दार जिन्यावरून घसरला, मनगट मोडलं. वाईट झालं. पण कुणाचं तरी मनगट मोडल्याशिवाय कुणाचा तरी हात वर जात नाही.

तबेल्याचे जमादार म्हणाले, तात्पुरतं आहे. जमादारांचं तात्पुरतं मला माहीत आहे. मागच्या वर्षी हौदाचा नळ तात्पुरता दोरीने बांधला होता, तो अजून तसाच आहे.

बाईसाहेब म्हणजे तपकिरी घोडी, पाच वर्षांची, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. रेसकार्डावरचं तिचं नाव एका दमात म्हणता येत नाही. बाईसाहेब हे मी ठेवलं. चंदीत एक खडा निघाला तर हेडमास्तरीणबाईंसारखी तोंड फिरवून उभी राहते.

नोव्हेंबरात ती मेलबर्नला पळणार. म्हणजे मी मेलबर्नला जाणार. घोडं काही एकटं विमानात बसत नाही.

संकल्प: रोज एक इंग्रजी वाक्य. लंब्याशी वाद घालायचा नाही. नऊ नंबरच्या रिकाम्या ठाणाचा विचार करायचा नाही.

१३ ऑगस्ट

ताईचा फोन. नवीन काम काय ते विचारलं. सगळं समजावून सांगितलं. पहाटे चंदीच्या आधी, खराऱ्याच्या आधी, घोड्याच्या चारी पायांवरून उघडा हात फिरवायचा. गुडघ्याखालची नळी, मागची शीर, थेट खुरापर्यंत. चांगला पाय थंड लागतो. कुठे ऊब लागली की समजायचं, आत काहीतरी दुखावलंय. मग त्या घोड्याला पळवायचं नाही. दारावर पाटी असते, तिच्यावर खडूने चार पायांचे चार शब्द लिहायचे. पाटी बघून ट्रेनरसाहेब ठरवतात आज कोण पळणार.

ताई म्हणाली, म्हणजे जग हिंडायला गेलास आणि घोड्याचे पाय चेपतोयस.

तिला यातलं काही कळत नाही. पण मेलबर्नचं सांगितल्यावर गप्प झाली. तिकीट निघालंय असंही सांगितलं. निघेलच.

आजची पाटी: थंड थंड थंड थंड. सातवीपर्यंतच शिकलो, पण आख्ख्या तबेल्यात माझ्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नाही.

१५ ऑगस्ट

कपाटाच्या दाराला आतून जगातल्या मोठ्या शर्यतींची यादी चिकटवली. मार्च दुबई. एप्रिलमध्ये लिव्हरपूलचं कुंपणावरून उड्या मारण्याचं प्रकरण, ते आपल्याला नको. मे केंटकी, जिंकणाऱ्या घोड्याच्या अंगावर गुलाबांची चादर. जून एप्सम, उतारावर वळण आहे म्हणे. ऑक्टोबर पॅरिस. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार मेलबर्न, आख्खा देश काम टाकून बघतो. महिनाअखेर टोकियो.

वर्षात सात, एक वगळून सहा. लंब्याने विचारलं, यातली घोडी कुठली आणि तू कुठला. लंब्या माझा खोलीतला जोडीदार, तोही मोतद्दार, दोनदा परदेशी घोडे घेऊन गेलेला. काय बघितलंस विचारलं तर म्हणतो, घोडेच. असल्या माणसाला कशाला पाठवतात?

इंग्रजी वाक्य: धिस वे, सर.

१८ ऑगस्ट, दुपारी १

नऊ नंबरचा विषय एकदा लिहून टाकतो, म्हणजे संपेल.

त्यात बंब असायचा. काळा घोडा. थंडीत रपेट मारून आला की अंगातून अशी वाफ निघायची, म्हणून मी बंब म्हणायचो. पाठीत नाक खुपसून ढकलायची त्याला सवय. मी बादली घेऊन वाकलो की हमखास. मार्चमध्ये तो दुबईला जाणार होता, मी बरोबर. पासपोर्टचा फोटोही काढला होता. फेब्रुवारीत सकाळच्या रपेटीत त्याचा पुढचा डावा पाय मोडला. ट्रॅकवर पडदा धरला. घोड्यांच्या डॉक्टरांनी सुई देऊन जे करायचं ते केलं.

त्या सकाळी हाताला ऊब लागली होती का? किंचित. पण माझे हात मुळातच गरम. आई सांगते, ह्याच्या मुठीत बर्फ दिला तर पाण्याआधी वाफ व्हायची. तेव्हा मी पाटीवर लिहिलं ते बरोबरच लिहिलं.

संपला विषय.

२१ ऑगस्ट, दुपारी २

बारा ते तीन तबेला झोपतो. घोडेही झोपतात, माणसंही. मला झोप येत नाही म्हणून ठाणांपुढून चक्कर मारत होतो. नऊ नंबरमधून पेंढा सरकल्याचा आवाज आला. घोडं बसायच्या आधी पायाने पेंढा ओढून घेतं, तसा.

उंदीर.

२१ ऑगस्ट, संध्याकाळी

लंब्या म्हणाला, नऊ नंबरमध्ये पेंढा कुठे आहे? फेब्रुवारीपासून ठाण झाडून धुऊन ठेवलंय.

मग उंदीर स्वतःचा पेंढा घेऊन आले असतील. त्याला म्हटलं, अंधश्रद्धाळू माणसाशी मी बोलत नाही. तो म्हणाला, मी कुठे काय म्हणालो.

२५ ऑगस्ट

चालायचा सराव. परदेशात शर्यतीआधी घोड्याला लोकांसमोरून गोल फिरवतात, मोतद्दार सूट घालून पुढे. नीट चालणाऱ्याला बक्षीसही मिळतं. बाईसाहेबांना घेऊन छाती काढून चार फेऱ्या मारल्या. नालबंद बघत होता. म्हणाला, घोडी झकास चालते. माझ्याबद्दल काही बोलला नाही. जळतो.

पाटी: थंड, चारी.

२९ ऑगस्ट

आज नऊ नंबरच्या दाराशी गेलो. घाबरत नाही हे स्वतःला दाखवायला. आत काही नव्हतं. सिमेंट, कडी, कोपऱ्यात कोरडा हौद.

दारावर पाटी तशीच आहे. थंड थंड थंड थंड. माझंच अक्षर. सहा महिने कुणी पुसली नाही.

आता ते चारी शब्द खरे आहेत म्हणा.

३० ऑगस्ट

हौदाकडे जायला आजपासून मागची वाट. लांब पडते, पण पायांना व्यायाम. फिटनेस महत्त्वाचा. जमादारांनी विचारलं, बादली भरायला एवढा वेळ? फिटनेसचं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नजर अशी आहे की आपल्या खिशात काय आहे ते आपल्याआधी त्यांना कळतं.

४ सप्टेंबर, दुपारी १.३०

हौदावर वाकलो होतो. पाठीत धक्का बसला. नाक खुपसून मारल्यासारखा. बादली आडवी, पँट ओली.

मागे कुणी नाही. सगळा तबेला झोपलेला.

उन्हामुळे होतं असं. पाणी जास्त प्यायला हवं.

५ सप्टेंबर

दिवसभर तीन तांबे पाणी प्यायलो. दुपारी पुन्हा धक्का. या वेळी मानेवर श्वासही. गरम, चंदीच्या वासाचा.

संकल्प: पाणी कमी प्यायचं.

९ सप्टेंबर

लंब्याची मोठी बॅग माळ्यावरून खाली आली आहे. विचारलं तर म्हणाला, चेन बघत होतो. चांगल्या चेनकडे इतका वेळ बघणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

माझी बॅग भरून तयार आहे. ताईला सांगितलं, स्वेटर पाठव. ती म्हणाली, मेलबर्नला नोव्हेंबरात उन्हाळा लागतो, शेजारच्या मास्तरांना विचारलं. म्हणजे हिने गल्लीभर सांगितलंय. सांगू दे. घोडामैदान जवळच आहे.

१८ सप्टेंबर, सकाळी ६

बाईसाहेब. पुढचा उजवा.

काही नाही. नंतर लिहितो.

१८ सप्टेंबर, सकाळी १०

नीट विचार केला. हात फिरवताना गुडघ्याखाली, मागच्या शिरेवर, दोन बोटांएवढ्या जागेत ऊब लागली असं वाटलं. वाटलं. शास्त्रीय पद्धतीने तपासायचं ठरवलं. दोष हातांचा आहे की पायाचा? दोन्ही हात गार पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवले. मग पाय बघितला. गरम लागला. मग लोखंडी खांब धरला. तोही गरम. भिंत गरम. लंब्याचा कान धरून बघितला, तोही गरम, आणि लंब्याही गरम झाला.

म्हणजे सिद्ध झालं. दोष हातांचा.

पाटी: थंड थंड थंड थंड. चौथ्या शब्दाला खडू मोडला. खडू हल्ली चांगले येत नाहीत.

१९ सप्टेंबर

आज बाईसाहेबांना पळवलं नाही, नुसतं चालवलं. मोठ्या प्रवासाआधी असंच जपतात.

पुढचा उजवा कालसारखाच. हातही कालसारखेच.

पाटी: थंड, चारी.

२० सप्टेंबर

आजही नुसतं चालवलं. घोड्यांचे डॉक्टर येऊन गेले, मशीन लावून पाय बघितले. बाहेर जायच्या कागदपत्रांसाठी लागतं ते. दुपारनंतर बघितलं तर पुढच्या उजव्या पायाला ओली गार पट्टी. जमादारांना विचारलं तर म्हणाले, असू दे. परदेशी जाणाऱ्या घोड्यांना बांधत असतील. एकाच पायाला का ते कळलं नाही, पण परदेशातल्या पद्धती वेगळ्या.

ट्रेनरसाहेब पाटीपुढे उभे राहिले. पाटी वाचली, मग मला वाचलं. काही न बोलता गेले. मोठी माणसं तोंडावर कौतुक करत नाहीत.

२१ सप्टेंबर, दुपारी २

तळहात गरम आहेत. ताट धरलं, गरम. फोन गरम. पहाटे, रात्रभर गार पडलेली कडी धरली, तीही गरम. आणि नुसती गरम नाही. हात ठेवला की आत शीर उडते आहे असं लागतं. कडीला शीर नसते एवढं मला सातवीपर्यंतही शिकवलंय.

पाठीत धक्का रोज बसतो. आता बादली आधीच अर्धी भरतो. सांडली तर कमी सांडेल.

२२ सप्टेंबर

बाईसाहेब चंदी खाताना मधेच थांबते, मान वळवते आणि नऊ नंबरकडे बघते. कान पुढे. घोडं असे कान दुसऱ्या घोड्याकडेच करतं.

लंब्याला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, चोर कोण? तो चादर ओढून झोपला.

पाटी: थंड. चार वेळा. अक्षर जरा हललं.

२३ सप्टेंबर

संकल्प: मेलबर्नहून आल्यावर सगळं जमादारांना सांगायचं. बाईसाहेब पळून परत आली, पायाला काही झालं नाही, की मग सांगायला मोकळा. तेव्हा हसण्यावारी नेता येईल. साहेब, मला तेव्हा काय वाटलं माहितेय का, असं.

बंबच्या वेळीही हाच संकल्प होता. दुबईहून आल्यावर.

हे वाक्य खोडायचं होतं. पेन उठत नाही.

२४ सप्टेंबर, सकाळी ९

पहाटे पाटीपुढे उभा राहिलो. पुढचा डावा थंड. मागचे दोन्ही थंड. तीन शब्द लिहिले. पाठीत धक्का बसला नाही. मी वाट बघत होतो, धक्का बसला तर बरं, खडू पडेल, जमादार ओरडतील, दिवस पुढे जाईल. काही झालं नाही. बाईसाहेब तेवढी श्वास घेत होती.

चौथा शब्द लिहिला. गरम.

मागे जमादार उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

"सहा दिवस लागले तुला," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अठरा तारखेलाच त्यांना कळलं होतं. ते रोज माझ्यानंतर पाय बघतात. रोज. मी पाटी लिहून बादली घेऊन गेलो की ते आत जातात. शीर सुजली आहे, फार नाही, पाच-सहा महिने विश्रांती दिली की घोडी पुन्हा पळेल. वीस तारखेला मशीनने नक्की झालं आणि त्याच दिवशी मेलबर्नमधून तिचं नाव काढलं. मी तेव्हा वहीत 'कागदपत्रांसाठी' असं लिहीत होतो.

मी विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही. ते म्हणाले, तू सांगतोस का ते बघत होतो. घोडी तुझ्या भरवशावर नव्हतीच, म्हणून थांबता आलं.

इतकं साधं बोलले की मला राग आणायलाही जागा सापडेना.

मग त्यांनी हातातली चंदीची टोपली खाली ठेवली.

"आणि फेब्रुवारीत?"

मला हातांबद्दल सांगायचं होतं. मुळातच गरम, आई, बर्फ. सगळं तयार होतं, सात महिने घोटलेलं.

"गरम होता," मी म्हणालो.

"किती?"

"हात उचलावा लागला इतका."

टोपलीकडे बघत ते म्हणाले, "त्या दिवशी मला उशीर झाला होता. मी पाटी वाचली. पाय नाही बघितला."

नऊ नंबरची पाटी पुसायची नाही असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझ्यासाठी नाही. रोज येता-जाता त्यांना स्वतःला दिसावी म्हणून.

टोपली उचलून ते पुढच्या ठाणाकडे गेले. मला वाटत होतं, त्यांना सगळं दिसतं.

२६ सप्टेंबर

बाईसाहेब आता जमादारांकडे. माझ्याकडे लिदीची गाडी. बेचाळीस ठाणं, दिवसातून दोनदा. काढून टाकतील वाटलं होतं, बॅग भरलेलीच होती, सोयीची झाली असती. ट्रेनरसाहेब एवढंच म्हणाले की पायाला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत.

मेलबर्नला लंब्या जातोय, करड्या घोड्याबरोबर. त्याचं जूनमध्येच ठरलं होतं. बाईसाहेबांबरोबर कोण जाणार होतं विचारलं. म्हणाला, तिलाही मीच बघणार होतो, दोन घोड्यांना एक माणूस पुरतो. मी म्हटलं, मग मला आधी बोलला का नाहीस? तो म्हणाला, तू यादी इतक्या हौसेने चिकटवली होतीस.

माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणजे ज्या मेलबर्नसाठी मी गप्प राहिलो ते माझं कधी नव्हतंच. आणि दुबई? ते विचारायचं होतं. विचारलं नाही.

२८ सप्टेंबर

ताईला फोन. जाणं रद्द म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मग सुट्टी काढून घरी ये, गल्लीला काय सांगायचं ते मी बघते. घोडीचा पाय दुखावला म्हणून रद्द झालं, असं सांगून फोन ठेवता आला असता. तेवढं खरंही होतं.

पण बंबचं सांगितलं. सगळं. ऊब, पाटी, पडदा.

वाटलं, मधेच रेंज गेली.

मग ती म्हणाली, "त्याला कळलं असेल का रे, तुला कळलं होतं ते?"

हात लावला तेव्हा त्याने पाय मागे घेतला होता, आणि मग माझ्याकडे मान वळवली होती. हे मी तिला सांगितलं नाही. वहीतही आजच लिहितोय.

७ ऑक्टोबर

लिदीच्या गाडीचं चाक वाकडं आहे, सारखी डावीकडे ओढते. सरळ चालवायची तर सगळं अंग उजवीकडे टाकावं लागतं. लंब्या आणि करडा क्वारंटाईनला गेले. जाताना लंब्याने स्वतःची चांगली उशी माझ्या कॉटवर ठेवली. यादीवरचं पॅरिस परवा रविवारी होऊन गेलं. बघितलं नाही.

हौदाकडे आता जवळच्या वाटेने जातो. नऊ नंबरमध्ये अजून आवाज येतो. आता उंदीर म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. गाडी थांबवतो, आवाज संपेपर्यंत उभा राहतो, मग पुढे जातो. बेचाळीस ठाणांना त्यामुळे उशीर होतो.

१९ ऑक्टोबर

जमादारांनी बाईसाहेबांच्या ठाणात बोलावलं. माझा हात मनगटाला धरून तिच्या पुढच्या उजव्या पायावर ठेवला. त्यांचा हात माझ्या हातावर. विचारलं, काय लागतंय?

मी म्हटलं, थोडी ऊब आहे. आधीपेक्षा कमी.

ते म्हणाले, बरोबर. आणि हात काढून घेतला. पाटीवर त्यांनीच लिहिलं. मी लीद उचलली.

नोव्हेंबर, पहिला मंगळवार

मेसमध्ये टीव्ही लावला होता. सगळे जमले. स्वयंपाकी, नालबंद, ट्रेनरसाहेबसुद्धा दारात. करड्याचं नाव आलं तेव्हा ओरडा झाला, टोप्या उडाल्या. लंब्या दिसला, सूट घालून, लगाम धरून, तिथेही काही न बोलता.

मी पुढे बसलो होतो. गेट उघडलं.

चोवीस घोडे. शहाण्णव पाय. सगळे तोंडांकडे, रंगीत सदऱ्यांकडे बघत होते. मला पायच दिसत होते. एकेक पकडून ठेवायला बघायचो तोवर दुसरा मधे यायचा. शेवटच्या वळणावर एकाची पावलं जराशी चुकली, माझे तळहात पेटल्यासारखे झाले आणि मी ते मांड्यांखाली दाबून धरले. त्याने सावरलं. शर्यत संपल्यावर घोडे हळू झाले, वळले, एकामागून एक परत यायला लागले. मी मोजत होतो. कॅमेरा मधेच जिंकणाऱ्याकडे जायचा, माझा हिशेब चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चोवीस जुळले.

स्वयंपाकी आत पातेलं बघायला गेला होता, धावत आला. कोण आलं, कोण आलं, मला विचारू लागला, सगळ्यात पुढे मीच बसलो होतो.

मी म्हटलं, सगळे आले.

खोली हसली. नालबंदाने पाठीवर थाप मारली.

पहिला कोण आणि आमचा करडा कितवा, ते लंब्या परत आला की त्याला विचारायला हवं.